‘लई भारी’ म्हणून गाणं सुधारत नाही! मोबाईलवर बनवलेलं गाणं कसं ऐकावं आणि चूक कशी सांगावी

बीड : गाणं बनवायला आता मुंबई-पुण्याचा स्टुडिओ लागत नाही. मोबाईलमध्ये बँडलॅबसारखं फुकटचं ॲप किंवा एफएल स्टुडिओ असलं, साधा हेडफोन असला आणि रात्रीचे दोन तास मोकळे मिळाले की गावातलं पोरगं घरबसल्या गाणं तयार करतं. जयंतीचं गाणं, बैलपोळ्याचं गाणं, ऊसतोडीचं गाणं, मित्राच्या लग्नाचं गाणं. बनवायची सोय झाली. पण बनलेलं गाणं नीट ऐकून खरं सांगणारा माणूस मात्र सापडत नाही.

एक उदाहरण घेऊ. समजा, गेवराई तालुक्यातल्या एका गावात बावीस वर्षांचं पोरगं आहे. आई-बाप दरवर्षी दिवाळीच्या तोंडावर कोयता घेऊन कारखान्याला जायचे, पोराला आजीनं सांभाळलं. या पोरानं आजीच्या दोन ओव्या मोबाईलवर रेकॉर्ड केल्या. खाली हलगीचा लूप लावला, जोरदार बेस टाकला, मधे स्वतः चार ओळी म्हटल्या. चार मिनिटांचं गाणं झालं आणि गावच्या ग्रुपवर पडलं.

पाच मिनिटांत अंगठ्यांची रांग लागली. ‘लई भारी भावा’, ‘आग लावली’, ‘एकच नंबर’. दोघांनी मात्र लिहिलं, ‘कामून कान खातो रे, बंद कर’. यातल्या किती जणांनी गाणं शेवटपर्यंत ऐकलं असेल? गाणं बनवलंच पाच मिनिटांपूर्वी ग्रुपवर आलं होतं आणि ते चार मिनिटांचं आहे!

‘लई भारी’नं पोराला बरं वाटलं, पण पुढचं गाणं सुधारायला काही मिळालं नाही. ‘बंद कर’नं तर हातच गळाले. खरी गोष्ट कोणीच सांगितली नाही. ती अशी की, आजीचा आवाज ऐकूच येत नाही.

आधी गाणं नीट ऐका

चूक सांगायच्या आधी गाणं तीनदा ऐकावं. पहिल्यांदा काहीही न करता, नुसतं शेवटपर्यंत. दुसऱ्यांदा कागद-पेन घेऊन, जिथं कान अडखळला तिथली वेळ लिहीत. तिसऱ्यांदा दुसऱ्या साधनावर.

साधन बदलणं का गरजेचं? माणसाच्या कानाला साधारण २० हर्ट्झपासून २०,००० हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो. हर्ट्झ म्हणजे एका सेकंदात होणारी कंपनं. कंपनं कमी तर आवाज जाड, कंपनं जास्त तर आवाज बारीक. डीजेच्या गाण्यातला पोटात घुमणारा बेस ४० ते ६० हर्ट्झच्या आसपास असतो. मोबाईलचा नखाएवढा स्पीकर दोनशे-तीनशे हर्ट्झच्या खालचं नीट वाजवूच शकत नाही. म्हणजे पोरानं मोबाईलच्या स्पीकरवर ऐकत बेस ठेवला असेल तर त्याला तो कमी वाटणार, तो वाढवत जाणार, आणि तेच गाणं ट्रॅक्टरच्या टेपवर किंवा डीजेच्या डब्यांवर लागलं की नुसती घुमघुम होणार.

म्हणून एकदा मोबाईलवर, एकदा इअरफोनवर आणि जमलं तर एकदा मोठ्या स्पीकरवर ऐकावं. छोट्या ब्लूटूथ स्पीकरवरही लावून बघावं. त्यात बहुतेक वेळा डावा-उजवा आवाज एकत्र होतो. डाव्या-उजव्या कानाची करामत करून रुंद केलेलं वाद्य तिथं कधी कधी गायबच होतं.

आवाज किती मोठा लावला यावरही मत बदलतं. अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेतल्या फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी १९३३ मध्येच दाखवून दिलं होतं की आवाज लहान असला की कानाला जाड सूर कमी ऐकू येतात आणि आवाज वाढवला की तेच सूर भरून येतात. त्यामुळं मोठ्यानं लावलेलं गाणं उगाच चांगलं वाटतं. दोन गाण्यांची तुलना करायची तर दोन्हींचा आवाज सारखा ठेवावा. आणि एकदा अगदी हळू लावावं. हळू लावल्यावरही शब्द कळतात का, हीच पहिली परीक्षा.

बनवणाऱ्यानंही एक काळजी घ्यावी. गाण्याचा व्हिडिओ करून व्हॉट्सॲपवर पाठवला की तो दाबून छोटा केला जातो आणि आवाजाचा कस जातो. मत घ्यायचं असेल तर मूळ फाईल ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावी, ती आहे तशी पोचते.

आवाज वाद्यात बुडाला का?

घरगुती गाण्यातला सगळ्यात मोठा दोष हाच असतो. शब्द नीट कळायला २,००० ते ४,००० हर्ट्झचा पट्टा महत्त्वाचा. ‘स’, ‘त’, ‘ट’, ‘क’ ही अक्षरं तिथं स्पष्ट होतात. पण हलगीची चाट, टाळ्यांचा सॅम्पल, कर्कश सिंथ हेही त्याच पट्ट्यात येऊन बसतात. एका बाजेवर चौघं झोपले तर कोणाला तरी खाली पडावं लागतं. गाण्यात खाली पडतो तो बहुधा गाणाऱ्याचा आवाज.

यावर पोरं काय करतात? आवाज वाढवतात. मग हलगी बारीक वाटते, म्हणून हलगी वाढवतात. मग बेस. शेवटी सगळंच वाढतं आणि होतं तिथंच राहतं. खरा उपाय उलटा आहे. जागा करून द्यायची. ओवी सुरू झाली की हलगी थोडी मागं घ्यावी, सिंथ बंद ठेवावा, इक्यूमध्ये जाऊन वाद्याचा तो पट्टा थोडा कापावा. ओवी संपली की हलगी परत पुढं आणावी. लग्नात सनईवाला फुंकत असताना चौघडा जसा दबकून वाजतो, तसंच हे.

कधी कधी दोष मिक्सिंगचा नसून रेकॉर्डिंगचा असतो. पत्र्याच्या खोलीत रेकॉर्ड केलेला आवाज पत्र्यावर आपटून परत येतो, तो नंतर कोणत्याही ॲपनं पूर्ण निघत नाही. पंख्याची घरघर, रातकिडे, बाहेरची मोटार हेही आत येतं. त्यासाठी भिंतीला दोन-चार गोधड्या लटकवाव्यात, पंखा बंद करावा, मोबाईल तोंडापासून वीतभर आणि किंचित तिरका धरावा. समोर धरला तर ‘प’, ‘फ’, ‘भ’ म्हणताना फुंकर बसते आणि भसाभस आवाज येतो. गोधडीला पैसे लागत नाहीत, आणि महागड्या माइकपेक्षा तिचा फायदा आधी होतो.

ताल बरोबर आहे, मग गाणं मेल्यासारखं का वाटतं?

ॲपमध्ये गाण्याचा वेग मिनिटाला किती ठोके यावर ठरतो. वेग १२० ठेवला तर एक ठोका अर्ध्या सेकंदाचा. चार ठोक्यांचं एक आवर्तन दोन सेकंदांत संपतं. चार आवर्तनांचा लूप घेतला तर तो आठ सेकंदांचा झाला. चार मिनिटांच्या गाण्यात हा एकच लूप ३० वेळा फिरतो, काडीचाही बदल न होता.

हलगीवाला असं कधीच वाजवत नाही. तो माणसं बघतो. नाचणारे रंगात आले की हात चढवतो, दमले की उतरवतो, काडी किंचित आधी पाडतो किंवा मुद्दाम रेंगाळतो. ॲपमध्ये प्रत्येक ठोका नेमक्या रेघेवर ओढून बसवायची सोय असते, तिला क्वांटाइझ म्हणतात. सोय चांगली आहे, पण सगळे ठोके शंभर टक्के रेघेवर आणि सगळे सारख्याच जोराचे ठेवले की वाजवणारा माणूस निघून जातो, राहतं ते यंत्र.

आजीच्या ओवीचं तर याहून अवघड. जात्यावरची ओवी घड्याळाच्या ठोक्यावर चालत नाही. ती जात्याच्या फेऱ्यावर आणि म्हणणारीच्या श्वासावर चालते. एका ठिकाणी सूर लांबतो, दुसऱ्या ठिकाणी शब्द घाईनं पडतात. ती १२०च्या रेघांत कोंबली की शब्दाचं शेपूट तुटतं किंवा ॲपनं ताणल्यामुळं आवाज रबरासारखा होतो. मग दोन वाटा उरतात. ओवी सुरू असताना ताल थांबवायचा, खाली एखादा लांब सूर तेवढा ठेवायचा. किंवा आधी ओवी ऐकून तिचा वेग मोजायचा आणि तालाला ओवीच्या मागं चालवायचं. ताल ओवीसाठी आहे, हे बनवणाऱ्याला आठवण करून देणं हेच ऐकणाऱ्याचं काम.

एकसुरीपणावरचा इलाजही सोपा आहे. दर आठ आवर्तनांनी काहीतरी यावं किंवा जावं. हलगी चार ठोके थांबावी, संबळ आत यावा, बेस जावा. कधी कधी काढून टाकलेलं वाद्य टाकलेल्या वाद्यापेक्षा जास्त काम करतं.

आवाज ‘फाटतो’ म्हणजे नेमकं काय?

कॉम्प्युटरमध्ये आवाजाला एक कमाल मर्यादा असते. ॲपच्या मीटरवर ती शून्यावर दिसते. त्याच्या वर आवाज गेला की लाटेचे शेंडे सपाट छाटले जातात, उसाचे वाढे कोयत्यानं छाटावेत तसे. कानाला ते खरखर, चरचर असं ऐकू येतं. मीटरवर लाल दिवा लागत असेल तर गाणं फाटलंच म्हणून समजावं. सगळे ट्रॅक थोडे खाली घ्यावेत, एवढंच.

‘पण मग माझं गाणं बाकीच्यांपेक्षा बारीक वाजेल,’ असं पोरं म्हणतात. ही भीती आता फारशी खरी नाही. यूट्यूब, स्पॉटिफाय यांच्याकडं फार मोठ्या आवाजात दाबलेलं गाणं आपोआप खाली आणलं जातं. स्पॉटिफायची नेहमीची पातळी उणे १४ एलयूएफएस आहे. एलयूएफएस म्हणजे कानाला गाणं सरासरी किती मोठं वाटतं त्याचं माप. म्हणजे दाबून दाबून मोठं केलेलं गाणं तिथं लहानच होणार, आणि दाबताना गेलेला जीव मात्र परत येणार नाही.

डीजेसाठी गाणं बनवणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं. केंद्राच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. सरकारनं सूट दिलेले मोजके दिवस सोडले तर रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर लावता येत नाही. नुसत्या दणक्यावर उभं असलेलं गाणं आवाज कमी केला की कोसळतं. चाल आणि शब्द चांगले असतील तर ते बारीक आवाजातही टिकतं.

शब्द मराठी आहेत, पण उच्चार?

आता तर शब्द टाइप केले की एआय ॲप चाल लावून, गाऊनही देतं. असं गाणं ऐकताना मराठी कान जागा ठेवावा. ‘ळ’चा ‘ल’ होतो, ‘ण’चा ‘न’ होतो. आपल्या ‘च’ आणि ‘ज’ला दोन-दोन उच्चार आहेत. ‘जग’ म्हणजे दुनिया आणि ‘जग’ म्हणजे जगून राहा. लिहायला एकच, बोलायला वेगळं. यंत्र हे हमखास चुकवतं आणि भावनेच्या ओळीवर हसू येतं. चूक दाखवताना नुसतं ‘उच्चार खराब’ म्हणू नये, कोणता शब्द ते सांगावं.

ऑटोट्यूनचंही तसंच. गाताना सूर घसरला तर तो जवळच्या सुरावर बसवायचं हे साधन. थोडं वापरलं तर कळतही नाही. पूर्ण ताणलं तर आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा होतो. ते मुद्दाम केलं असेल तर ठीक, तीही एक पद्धत आहे. पण ओवी म्हणणाऱ्या आजीच्या आवाजातला सुरांमधला हेलकावा ही चूक नाही, ती त्या गाण्याची चाल आहे. ती ‘दुरुस्त’ केली तर आजी शेजारच्या गावची होऊन जाते.

शब्दांचा अर्थही तपासावा. जयंती-मिरवणुकीच्या गाण्यांत दुसऱ्या समाजाला डिवचणारी एखादी ओळ टाकायचा मोह होतो. मित्र म्हणवणाऱ्यानं ती ओळ गाणं बाहेर जायच्या आधी दाखवून द्यावी. गावातलं बोलणं बंद होणं आणि पोलिस ठाण्याच्या चकरा, दोन्ही त्यातून टळतात. हे सांगणं म्हणजे पाय ओढणं नव्हे.

कोणाचं काय घेतलं?

गाणं ऐकताना हाही प्रश्न विचारावा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार गाण्याचे शब्द, चाल आणि रेकॉर्डिंग यांचे हक्क वेगवेगळे असतात. शब्द आणि चालीचा हक्क कवी-संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो, रेकॉर्डिंगचा प्रकाशनानंतर ६० वर्षं. वरातीत सिनेमाचं गाणं वाजवणं वेगळं, आणि त्याच गाण्याचा तुकडा कापून, खाली बीट लावून आपल्या नावानं यूट्यूबवर टाकणं वेगळं. यूट्यूबची यंत्रणा असा तुकडा आपोआप ओळखते. मग कमाई मूळ मालकाकडं जाते किंवा गाणंच बंद होतं.

जुनी ओवी कोणा एकीची नसते, ती सगळ्यांची असते. पण ती ज्या बाईच्या आवाजात आहे, तिला विचारणं हे कायद्याच्या आधीचं काम आहे. आजीला गाणं ऐकवलं का? खाली तिचं नाव टाकायचं की नाही, हे तिला विचारलं का?

आपल्या जिल्ह्यातच याचं चांगलं उदाहरण आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हाँ यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या जात्यावरच्या ओव्या गोळा करायचं मोठं काम केलं. एक लाखाहून जास्त ओव्या जमल्या. माजलगावच्या भीमनगरमधल्या बायकांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांवर गायलेल्या ओव्याही त्यात आहेत, त्यांचं रेकॉर्डिंग १९९६ मधलं. आता हा ठेवा ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’ म्हणजेच ‘पारी’वर ऐकायला मिळतो. प्रत्येक ओवीजवळ गाणारीचं नाव आणि गाव दिलेलं असतं. त्या रेकॉर्डिंगमध्ये वाद्यं नाहीत, बेस नाही. तरी शब्द न् शब्द कळतो. ओवीवर गाणं बनवणाऱ्यानं आणि त्यावर मत देणाऱ्यानं, दोघांनीही त्या एकदा ऐकाव्यात. काय बुडवायचं नाही, ते तिथं कळतं.

यंत्रावरचं गाणं म्हणजे खोटं गाणं?

गावातली जाणती माणसं कधी कधी एका वाक्यात निकाल देतात, ‘हे काय गाणं आहे का, हे तर मशीन वाजतंय’. ही टीका नाही, ही दार बंद करायची पद्धत आहे.

मुंबईतले चरणजित सिंग यांची गोष्ट इथं सांगण्यासारखी आहे. हिंदी सिनेमांच्या वाद्यवृंदात वाजवणाऱ्या या कलाकारानं १९८२ मध्ये रोलँड कंपनीची तीन यंत्रं घेऊन दहा राग डिस्कोच्या तालावर वाजवले आणि त्याची रेकॉर्ड काढली. तेव्हा फारसं कोणी विचारलं नाही. २०१० मध्ये ती रेकॉर्ड परदेशात पुन्हा निघाली आणि जाणकार चक्रावले. अमेरिकेतल्या शिकागो शहरात १९८७ च्या सुमारास ‘ॲसिड हाउस’ म्हणून जे संगीत गाजलं, त्याच्याशी मिळतंजुळतं काम मुंबईत पाच वर्षं आधीच होऊन गेलं होतं. यंत्र आहे म्हणून कान बंद केले की असं होतं. चरणजित सिंग २०१५ मध्ये वारले, पण आयुष्याच्या शेवटी का होईना, त्यांना ऐकणारे मिळाले.

त्यांच्या यंत्रांपैकी एक होतं टीआर-८०८. रोलँडनं ते १९८० मध्ये काढलं, तीनेक वर्षांत बंदही केलं. आज डीजेवाली पोरं ज्याला ‘एट-ओ-एट बेस’ म्हणतात, तो याच यंत्राच्या आवाजावरून आलेला आहे.

अलीकडचं बघायचं तर जळगाव जिल्ह्यातल्या तांड्यावरून आलेल्या संजू राठोड यांचं ‘गुलाबी साडी’ २०२४ मध्ये देशभर वाजलं. त्याच वर्षी क्रेटेक्स आणि श्रेयस यांचं ‘तांबडी चामडी’ हे मराठी हाउस गाणं स्पिनिन या परदेशी कंपनीनं काढलं. दोन्ही गाण्यांचा पाया कॉम्प्युटरवरचाच. तरी लोकांनी उचलली, कारण शब्द कळतात आणि चाल पहिल्या ऐकण्यात ओठावर बसते. तेव्हा प्रश्न यंत्राचा नाही. यंत्रानं माणसाला पुढं आणलं की मागं ढकललं, एवढंच बघायचं.

मत कसं लिहावं?

गाण्याबद्दल मत देताना चार गोष्टी क्रमानं याव्यात.

१) बनवणाऱ्याला काय करायचं होतं ते आधी विचारावं. नाचायचं गाणं आहे की ऐकायचं? नाचायच्या गाण्याला ‘फार जोरात आहे’ म्हणणं म्हणजे मिरचीला तिखट म्हणणं.

२) जे जमलं ते वेळेसकट सांगावं. नुसतं ‘छान’ नको.

३) जे खटकलं ते वेळेसकट सांगावं, आणि कानाला काय ऐकू आलं ते सांगावं. एका वेळी दोन, फार तर तीन गोष्टी. दहा चुका एकदम सांगितल्या तर एकही दुरुस्त होत नाही.

४) एखादा उपाय सुचवावा, पण हुकूम सोडू नये.

वरच्या उदाहरणातल्या पोराला त्याच्या मामानं असं लिहिलं असतं तर?

‘बाळा, तीनदा ऐकलं. सुरुवातीला कोयत्याचा जो खणखण आवाज घेतलास तो मला लई आवडला, फड डोळ्यापुढं उभा राहिला. पण ०:४८ ला आजीची ओवी चालू होते आणि मला तिचा एक शब्द कळला नाही. मोबाईलवर हलगी वर येते, गाडीच्या टेपवर बेस वर येतो. २:१० ला दुसऱ्या ओवीचा शेवटचा शब्द अर्ध्यात तुटला. ओवी असते तेवढा वेळ ताल थांबवून बघतोस का? जमलं तर पुन्हा पाठव, ऐकतो.’

यात शिव्या नाहीत आणि फुकटचं तोंडभर कौतुकही नाही. मामाला इक्यू, कॉम्प्रेसर यातलं काही माहीत असायची गरज नाही. शब्द कळला की नाही, हे सांगायला कान पुरतो. आणि शेवटचं वाक्य सगळ्यात मोलाचं आहे. ‘पुन्हा पाठव, ऐकतो.’

हे मत शक्यतो ग्रुपवर नको, थेट त्याला पाठवावं. कौतुक चारचौघांत, चूक कानात, ही आपली जुनी रीत इथंही चालते.

बनवणाऱ्यानं मत कसं घ्यावं?

‘कसं वाटलं?’ असं विचारलं की ‘भारी’ हेच उत्तर येतं. त्यापेक्षा नेमकं विचारावं. ‘ओवीतले शब्द कळले का? कोणते कळले ते लिहून पाठवा.’ ‘कुठं कंटाळा आला?’ शब्द माहीत नसलेल्या माणसाला ऐकवणं सगळ्यात चांगलं. ज्याला शब्द पाठ आहेत, त्याला ते बुडालेले असले तरी ऐकू येतात. बनवणाऱ्याचंही तेच होतं. त्यानं स्वतःचं गाणं शंभरदा ऐकलेलं असतं, त्याचा कान मेलेला असतो. गाणं झालं की दोन दिवस बाजूला ठेवावं, मग सकाळी ताज्या कानानं ऐकावं.

प्रत्येकाचं ऐकायची गरजही नाही. तिघांनी वेगवेगळं सांगितलं तर ती आवड आहे. तिघांनी एकाच जागी बोट ठेवलं तर ती चूक आहे. ते सुचवतात तो उपाय चुकीचा असू शकतो, पण त्यांनी दाखवलेली जागा सहसा चुकत नाही. आणि जुनी फाईल पुसू नये. ‘कोयता १’, ‘कोयता २’ अशी नावं देऊन ठेवावीत. सहा महिन्यांनी मागं वळून ऐकलं की आपण कुठून कुठं आलो ते कळतं.

लूपवर बनवलेलं गाणं पुन्हा बनवता येतं. बेस बदलता येतो, हलगी दुसरी लावता येते. पण आजीचा आवाज एकदाच मिळालेला असतो. पुढच्या हंगामाला ती तशीच गाईल, दम टिकेल, याची हमी कोणी देऊ शकत नाही. तिचं मूळ रेकॉर्डिंग वेगळं, कसलाही इफेक्ट न लावता जपून ठेवावं. आणि गाणं पूर्ण झालं की पहिल्यांदा ग्रुपवर न टाकता तिच्याजवळ बसून तिलाच ऐकवावं. तिला स्वतःची ओवी ओळखू आली आणि ती सोबत म्हणू लागली, तर गाणं जमलं. ‘हे कोण गातंय रे?’ असं तिनं विचारलं, तर ॲप पुन्हा उघडायचं.